आमच्या बोअरचं पाणी आणि डेक्लनच्या गायी

पाणी कुठून येतं हे माणसाला ते बिघडेपर्यंत ठाऊक नसतं. बिघडल्यावर मात्र ते कोणी बिघडवलं हे त्याला तत्काळ कळतं. आमच्या घरी हे कळायला चार मिनिटं लागली. (केटल उकळायलाही तेवढीच लागतात.)

माझी लेक मुक्ता डब्लिनपासून दूर, मेयो परगण्यात, कासलबारच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. जावई पियूष घरूनच कंपनीचं काम करतो. त्यांचं घर गावाबाहेर, पाणी अंगणातल्या बोअरचं, आणि कुंपणापलीकडे डेक्लनच्या ऐंशी गायी. तीन वर्षांपूर्वी मी इथे कायमची राहायला आले ती त्या गायींकडे बघूनच रमले. कऱ्हाडजवळ माझ्या माहेरी आई रोज आडाभोवती शेणाचा सडा घालायची. तसा मी बोअरभोवती घालू लागले. डेक्लन स्वतः ताज्या शेणाची बादली आणून देई. कशाला हवं, असं त्याने एकदाच विचारलं. स्वच्छतेसाठी, असं मी सांगितलं. चाळीस वर्षं शेण धुऊन काढणारा तो माणूस "ग्रँड" (म्हणजे इकडचं "बरं") म्हणाला आणि बादली ठेवून गेला. डब्लिनची मराठी मुलं सुट्टीला आली की सड्याचे, रांगोळीचे फोटो काढत आणि शुद्ध पाणी म्हणून बाटल्या भरून नेत.

इथला कायदा शेणाच्या बाबतीत फार हळवा आहे. स्लरी (म्हणजे शेण, मूत आणि गोठा धुतलेलं पाणी यांचा काला) हिवाळ्यात रानात टाकायची नाही. जोराचा पाऊस येणार असेल तर टाकायची नाही. (मेयोत पावसाची चिन्हं नसलेला दिवस मी एकच पाहिला, त्या दिवशी डेक्लन लग्नाला गेला होता.) विहिरीपासून पंचवीस मीटरच्या आत टाकायची नाही. उरलेल्या वेळात, उरलेल्या जागेत शेतकऱ्याने खुशाल टाकावी. गायींना हे वेळापत्रक अजून कोणी कळवलेलं नाही.

घरातल्या सगळ्यांची पोटं तिसऱ्यांदा बिघडली तेव्हा मुक्ताने पाणी तपासायला दिलं. नोव्हेंबरात अहवाल आला: पाण्यात शेणातले जंतू. पियूषने त्याच दुपारी सरकारी खात्याकडे तक्रार लिहिली, चौदा पानी, रंगीत आलेखांसह. डेक्लनच्या स्लरीच्या टाकीकडून आमच्याकडे येणारा बाण लाल होता. मराठी ग्रुपवर एकशे बारा जणांनी अंगठे उंचावले. त्यातल्या शंभरांनी गाय फक्त दुधाच्या खोक्यावर पाहिलेली असल्याने त्यांचं मत निःपक्षपाती होतं.

दुसऱ्या दिवशी डेक्लन बादली घेऊन आला तो दाराबाहेरच थांबला. दोष सिद्ध झाला तर टाकीत शेण कमी यावं म्हणून त्याला वीस गायी विकून टाकाव्या लागणार होत्या. कोणत्या, ते ठरवायला त्याने घेतलं होतं. अकराव्या नावाशी अडकला होता.

"मिसेस, ऑक्टोबरपासून मी एक थेंब टाकलेला नाही," तो म्हणाला.

कायद्याला त्याचं काम करू दे बाबा, अशी मी त्याची समजूत घातली आणि बादली आत घेतली.

तपासणीला आलेल्या खात्याच्या बाई लांब फीत घेऊन आल्या होत्या. डेक्लनच्या टाकीला तडा नव्हता, अंतरं बरोबर होती, स्लरी टाकल्याची वही तारीखवार होती. मग त्या आमच्या बोअरपाशी आल्या. ओट्याला बोटभर भेग पडली होती. त्यातून तपकिरी पाणी सावकाश आत झिरपत होतं. शेजारी माझी ठिपक्यांची रांगोळी.

"हे इथे कोण टाकतं?" त्यांनी विचारलं.

हा आमच्या संस्कृतीचा भाग आहे, असं पियूषने समजावलं. बाईंनी फॉर्म उलटून पाहिला. तसा रकाना नव्हता. त्यांनी फीत गुंडाळून ठेवली, कारण मोजायला अंतरच नव्हतं.

कुंपणापाशी उभा असलेला डेक्लन हळूच म्हणाला, "बादली माझी आहे."

"टाकते मी," मी म्हणाले. "तीन वर्षं. रोज."

त्या दिवशी मला आठवलं, माहेरी दर श्रावणात सगळ्या घराची पोटं बिघडायची. हवा बदलली, असं आई म्हणायची. हवेविरुद्ध कोणी चौदा पानं लिहिली नाहीत.

वीसच्या वीस गायी राहिल्या. पियूषने ग्रुपवर निकाल कळवला. अंगठे दोन आले.

आणि तुम्हीही पुष्कळ वेळ डेक्लनच्या टाकीकडेच बघत होतात. बादलीचं मी अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तेव्हा तुम्हाला तुमची आई आठवली. वास नाही आला.