पळी वाजली की वाक्य बदलायचं

इंग्रजी बायकोकडूनच शिकायचं, असं स्टोअरकीपरने ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. हेड स्टोअरकीपरची जागा रिकामी होती. मुलाखत मोठे साहेब व्हिडिओवर, तीही इंग्रजीत घेणार होते आणि या गड्याचं प्रत्येक वाक्य 'मायसेल्फ'पासून सुरू व्हायचं.

बायको शाळेत इंग्रजीची बाई. तिने फर्मान काढलं, "करणारा आणि भोगणारा एकच असेल, तिथेच मायसेल्फ! चुकलात की मी पळी वाजवणार. वाद न घालता वाक्य बदलायचं."

आठवडाभर स्वयंपाकघरात टणटणाट चालला. (शेजाऱ्यांना वाटलं, यांनी भांड्यांचा कारखाना काढला.) पण कम्प्युटर आपण स्वतःच शिकलो, हे वाक्य त्याने घोटून घोटून पक्कं केलं.

मुलाखतीला तो वर कोट, खाली घरातली विजार अशा थाटात बसला. ही जागा हुकली तर निवृत्तीपर्यंत नटबोल्टच मोजायचे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायको आत गेली आणि दार लोटून घेतलं.

साहेबांनी विचारलं, कम्प्युटर येतो का?

"आय टॉट मायसेल्फ कम्प्युटर, सर."

आतून टण्!

त्याने लगेच वाक्य बदललं. "सॉरी सर. आय टॉट मी कम्प्युटर."

टण् टण्!

"आय टॉट हिमसेल्फ..."

टणाटण!

घाम डोळ्यांत उतरला. आता एकच शब्द उरला होता. "कम्प्युटर टॉट इटसेल्फ, सर!"

आत एकदम शांतता. जिंकलो, असं वाटून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

साहेब पुढे वाकले. "कम्प्युटर आपला आपणच शिकला?" ते इंग्रजीत म्हणाले, "मग तुमची गरज काय?" आणि पडदा काळा झाला.

तेवढ्यात बायको हसतमुखाने बाहेर आली. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात पळी.

"अहो, हे झाकण किती घट्ट बसलं होतं! ठोकून ठोकून हात दुखला. कशी झाली मुलाखत?"

"म्हणजे... तू माझं ऐकत नव्हतीस?"

"छे! तुम्हाला दडपण नको म्हणून कानांत कापूस घातला होता. काय म्हणालात?"

त्याने पहिलं वाक्य सांगितलं.

"अगदी बरोबर होतं की!"

त्याने कपाळावर हात मारला. सगळा जीव एकवटून म्हणाला, "आय हॅव रुइन्ड मायसेल्फ."

सवयीने तिची पळी वर गेली आणि तिथेच थांबली.

"बघा," ती कौतुकाने म्हणाली, "मनापासून बोललं की तुमचं मुळीच चुकत नाही."