नमुन्याची चिठ्ठी

आमच्या रावेतच्या सोसायटीत फ्लॅट चाळीस आणि छपराखालच्या पार्किंगच्या जागा पंचवीस. उरलेल्या गाड्यांवर कबुतरांची कृपा. यावरून वर्षभर भांडणं चालली होती, म्हणून एका मीटिंगला मी सहज म्हणालो, लॉटरी काढू. (सहज बोलणं हा माझा जुना आजार आहे.) सगळं काम माझ्याच गळ्यात पडलं.

पण खरं सांगतो, लॉटरीसारखी सुंदर गोष्ट नाही. चेअरमन उद्धवराव आणि दर मीटिंगला त्यांच्यावर ओरडणारा निरंजन, दोघांच्या चिठ्ठ्या पापडाच्या एकाच डब्यात शेजारी शेजारी. तिथे ओळख चालत नाही, आवाज चढवून उपयोग नाही. मला तर भरूनच आलं.

आमच्या सौभाग्यवती विजयश्रीला काही भरून वगैरे आलं नव्हतं. तिसऱ्या प्रयत्नात लायसन्स मिळवून तिने स्वतःच्या कमाईची पांढरी गाडी घेतली होती आणि रोज सकाळी ती कबुतरांची नक्षी घासत बसायची. यंदा सावलीची जागा मिळालीच पाहिजे, असं तिने मला बजावलं होतं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. चाळीस चिठ्ठ्या पट्टीने मापून कापल्या, सारख्या घड्या घातल्या, डब्यात ढवळल्या आणि सवयीने एक नमुना म्हणून बाहेर काढली. उजेडात धरून बाहेरून फ्लॅटचा आकडा दिसत नाही ना, तेही पाहिलं. पास. कंपनीत तपासलेला नमुना मालात परत जात नाही. तो माझ्या खिशात गेला.

रविवारी सकाळी सगळ्यांसमोर सुभद्राबाईंनी चिठ्ठ्या काढल्या. त्या चाकणकडच्या, सोसायटीत वयाने सगळ्यांत मोठ्या. घरी सायकलसुद्धा नाही, पण हक्काची चिठ्ठी त्यांनी सोडली नव्हती आणि पहिली त्यांचीच निघाली. पंचविसाव्या चिठ्ठीपर्यंत विजयश्री माझ्याकडे बघत होती, नंतर तिने बघणं बंद केलं. उरलेल्या मोजल्या तर चौदाच. नव्हती ती तीनशे चारची. म्हणजे आमची.

माझा हात खिशाशी जाऊन थांबला. तेवढ्यात उद्धवराव भारावून उठले. लॉटरी काढणाऱ्याने स्वतःची चिठ्ठी टाकलीच नाही, असा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता म्हणे. निरंजननेसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी नम्रपणे मान झुकवली. (काय करणार, टाळ्या चालू होत्या.)

विजयश्री आली, माझ्या खिशातून चिठ्ठी काढून तिने सगळ्यांना दाखवली. (घरी आंबे आणले तरी मी एक तपासून बाजूला ठेवतो, हे तिला ठाऊक आहे.)

"हा त्याग नाही," ती म्हणाली. "ह्यांनी तपासायला काढली आणि परत टाकायला हे विसरले."

टाळ्या थांबल्या. फेरलॉटरी कोणालाच नको होती, त्या पंचवीस जणांना तर नाहीच. मग सुभद्राबाईंनी विजयश्रीला जवळ बोलावलं.

"पोरी, माझी जागा तू घे. आमच्याकडं गाडी न्हाई. पर गाडी तूच लावायची. ह्यांच्याकडं किल्ली दिलीस, तर समद्या गाड्यांतनं नेमकी तुजीच भाईर काढून ठिवतील."

तेव्हापासून गाडी सावलीत असते आणि मी शेजारच्या सीटवर.