उंट चावलेला जोल्चुबेक

"दगडाने ठोक," आइजारकिन म्हणाली, "पण त्या युर्तकडे जाऊ नकोस. हातोडी आणायला जाशील आणि मेंढी गळ्यात घेऊन येशील."

कुबानिचने नव्याकोऱ्या तंबूच्या नव्याकोऱ्या खुंट्यांकडे पाहिले. त्यांच्यावर दगड घालायला त्याचा जीव होईना. "हा गेलो आणि हा आलो," तो म्हणाला. तळ्याकाठच्या त्या कुरणात तंबू ठोकायला आज दुसरे कोणीच आले नव्हते. पलीकडे तुर्गुनबाय नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचे एकच युर्त, म्हणजे लोकरी नमद्याचे गोल घर, होते. आइजारकिनला हेच हवे होते. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर एकटी अशी कुठे गेलीच नव्हती. सासू, तीन मुले आणि भिंतीपलीकडचा दीर बिश्केकमध्ये सोडून ती इथवर आली होती. तिची अट एकच होती: दोन दिवस एकही नातेवाईक नको.

"हातोडी?" तुर्गुनबाय म्हणाला. "देतो की. पण दारातून तसाच परत जाणार? नानचा तुकडा तरी मोड."

तुकडा मोडला, मग त्याच्यामागून कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा आला. वाडगा रिकामा ठेवणे बरे दिसत नाही म्हणून तो पुन्हा भरला गेला.

"एकटाच आलास?"

"नाही आबा, बायको आहे."

"आणि तिला तिकडे उपाशी ठेवून इथे ढोसतोयस? लाज नाही वाटत?"

म्हाताऱ्याची बायको बुर्मा आपा तरातरा गेली आणि आइजारकिनला हाताला धरून घेऊन आली. तेवढ्यात युर्तमागे ओरडणारी एक मेंढी ओरडायची थांबली.

"आली गळ्यात," आइजारकिन नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, आणि आपामागे कणीक लाटायला आत गेली.

बाहेर पातेल्याखाली लाकडे सारता सारता म्हाताऱ्याने विचारले, "हं, सांग पोरा. तुझे सात बाप?"

आपल्या किर्गिझ लोकांत हे विचारतातच. मागचे सात पूर्वज ज्याला सांगता येत नाहीत त्याची किंमत गोठ्यातल्या खोंडाहून जरा कमीच धरतात. कुबानिचने सहा नावे धडाधड सांगितली आणि सातव्यापाशी त्याची गाडी अडली. डोक्यात एकच नाव घुमत होते, तेही आइजारकिनच्या आवाजात. घरी स्वयंपाकघरातून ते कधीतरी त्याच्या कानावर पडले होते. हिच्याच माहेरचे असणार, त्याने ताडले. पण म्हातारा चमचा हातात धरून थांबला होता.

"उंट चावलेला जोल्चुबेक," कुबानिच म्हणाला.

"वा! याला म्हणतात पोरगा!" तुर्गुनबाय खूश झाला.

जेवायला बसल्यावर मेंढीचे अख्खे डोके मानाने कुबानिचपुढे आले. आपाही कौतुकाने भरून आली होती. "पोरगी काय गुणाची आहे हो! लाटता लाटता सातही बाप घडाघडा म्हणून दाखवले. थेट उंट चावलेल्या जोल्चुबेकपर्यंत!"

म्हाताऱ्याची सुरी हवेतच राहिली. "अगं, तो तर ह्याचा."

"नावं सारखी असतात हो."

"नावं असतील! पण उंट काय जोल्चुबेक शोधत हिंडत होता?" त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "एका रक्ताची तुम्ही! सात पिढ्यांच्या आत लग्न? बहीणभाऊ लागता एकमेकांचे!"

"आबा, तीन मुलं आहेत आम्हाला!" कुबानिच म्हणाला.

"त्यांचं काय करायचं ते वडीलधारे ठरवतील. तोवर ही इथे आपाजवळ झोपेल. तू तुझ्या तंबूत. सोबतीला मी येतो, घाबरू नकोस. थोडा घोरतो, एवढंच."

गप्प बसावे तर दोन दिवस म्हातारा उशाशी, आणि बोलावे तर अब्रू गेली. आइजारकिन मान खाली घालून ताटाकडे पाहत होती. एवढ्या हौसेने आलेली ती बाई आता आपाच्या रजईत जाणार, हे काही कुबानिचला बघवेना.

"आबा," तो म्हणाला, "मला माझा सातवा बाप आठवत नाही. हिचा उसना घेतला."

आपाने कपाळावर हात मारला. तुर्गुनबायने कुबानिचपुढचे डोके ओढून घेतले, एक कान कापून त्याच्या तळहातावर ठेवला आणि डोके आइजारकिनसमोर मांडले.

"कान लहान पोरांना देतात," तो म्हणाला. "थोरांचं ऐकायला शिकावं म्हणून. खा. आणि सूनबाई, हा मान तुझा. निदान तुला तरी बापजाद्यांची आठवण आहे."

आइजारकिनने तो मान निमूटपणे खाल्ला.

हातोडी आणायची राहिलीच. उन्हे कलताना दोघे तंबूपाशी परतले आणि कुबानिच दगडाने खुंट्या ठोकू लागला. तंबूत आइजारकिनचे खांदे गदगदत होते. रडतेय की काय, म्हणून तो लगबगीने आत शिरला, तर बाई तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

"जोल्चुबेक तुझाच आहे," ती कशीबशी म्हणाली.

"काय?"

"तुझ्या वडिलांकडून लिहून आणला होता. हिवाळाभर आपल्या थोरल्याकडून घोकून घेत होते, शाळेत म्हणायला. माझा सातवा कोण ते मला कधीच माहीत नव्हतं. आपाने विचारलं, म्हटलं तुझा चालवून घेऊ."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण तू आधी तोंड उघडलंस. एकाची अब्रू गेलीच होती, दुसऱ्याची कशाला घालवायची?" तिने डोळे पुसले. "आणि खरं सांगू? माझ्यासाठी चारचौघांत तुला एवढं खजील झालेलं कधी पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं."

कुबानिचने तंबूबाहेर डोके काढले आणि युर्तच्या दिशेने हाक घातली.

"आबा! त्या मेंढीचा दुसरा कान उरलाय का? हिलाही द्यायचाय!"