घरच्या मापाचा पट्टा

"आकडे वाचण्यात आपला हात कोण धरणार?" असं रीडिंगवाले चारचौघांत छाती काढून सांगत. बावीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर वाचूनही डोळे शाबूत होते. गुडघे मात्र कामातून गेले होते. त्यात महिन्यापूर्वी एका जिन्यावर पाय मुरगळला आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं. जीव नुसता विटला होता. आता त्यांना एकच हवं होतं, ऑफिसातली खुर्ची! रेकॉर्ड रूममध्ये एक रिकामी झालीही होती. सोमवारी ऑफिसचे डॉक्टर जिना चढायला लावणार, 'झेपत नाही' असं लिहून देणार, की रीडिंगवाले निवृत्तीपर्यंत बसले!

तोवर पायाला आधार हवा. दवाखान्यातला पट्टा चांगला पाऊण किलोचा. तो बांधून चालताना कुणाला तरी ओढत नेतोय असं वाटे. म्हणून शनिवारी ते हलका पट्टा आणायला गेले.

"गुडघ्याचा घेर मोजू का?" दुकानदाराने विचारलं.

"काही गरज नाही! बायको शिवणकाम करते. तीस वर्षांत तिचं माप चुकलेलं नाही. सतरा इंच!"

दुकानदाराने त्यांच्या काटकुळ्या पायाकडे पाहिलं. "सतरा? साहेब, एकदा..."

"तुम्ही वजन बोला."

"हा सगळ्यात हलका. दीडशे ग्रॅम. मोज्यासारखा चढवायचा."

"द्या!"

घरी पट्टा चढवला, दोन पावलं टाकली, आणि पट्टा घोट्यावर!

"अगं, माप काय दिलंस?"

"पंधरा भरलं. वर दोन इंच लूजिंग धरलं."

"लूजिंग?"

"मग? अंगाबरोबर ठेवलं तर उठता-बसता उसवतं."

"अगं बाई, तो आवळायलाच असतो!"

"आधी सांगायचं ना! एवढ्या वर्षांत कुणी आवळायला म्हणून काही शिवायला टाकलं नाही माझ्याकडे."

रविवारी दुकान बंद. तिने टीप मारून बघितली, तर मशीनची सुई मोडली. शेवटी गुडघ्याच्या मागे चार सेफ्टी पिना लावून तिने पट्टा घट्ट केला. "आता हलला तर नाव बदलीन!"

सोमवारी डॉक्टर जिन्यापाशी उभे राहिले. "सावकाश चढा. दुखलं की थांबा."

तिसऱ्या पायरीवर एक पिन उघडली.

"आई गं!" रीडिंगवाले उडालेच. गुडघा वाकवला की पिन टोचे, टोचली की पाय उडे. कधी एकदा वर पोचतो आणि बाकावर बसून ती उपटतो, एवढंच डोक्यात. दोन-दोन पायऱ्या गाळत ते सुटले. लिगामेंट बोंबलत होतं, पण पिनेपुढे त्याचं ऐकतो कोण!

तीन मजले संपले तेव्हा मागून चढू लागलेले डॉक्टर पहिल्याच मजल्यावर धापा टाकत होते.

"अहो, मीच दमलो की!"

"डॉक्टर, पिन टोचली म्हणून पळालो हो!"

"टोचू दे. पळालात ना?"

शेरा पडला, 'जिने चढण्यास पूर्ण सक्षम.' साहेबांनी तो कौतुकाने दोनदा वाचला आणि लगेच हुकूम हातात ठेवला. पाचमजली अकरा इमारती, एकीलाही लिफ्ट नाही. आजपासून!

रीडिंगवाल्यांनी तो टेबलासमोर उभ्यानेच वाचला. शेजारी खुर्ची होती. पण इतक्या तंदुरुस्त माणसाला 'बसा' म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.