समजा, मी बदमाश!

रशीदभाई मुकादम लिफ्टमध्ये भेटले तर 'गुड मॉर्निंग' म्हणत नाहीत. म्हणतात, "समजा, मी बदमाश आहे." एकदा हे ऐकून एका पाहुणीनं पर्स छातीशी घट्ट धरली होती.

दुबई मरीनातल्या आमच्या ऑफिसात चॅटचं ॲप बनतं. ज्या ज्या देशात ते चालतं, तिथला कायदा विचारतो: यावर बेकायदा काय घडू शकतं, त्याची शक्यता किती आणि कुणाला किती इजा होईल? ते हुडकणं हे रशीदभाईंचं काम. माझं टेबल त्यांच्या शेजारी, पण ते बसतात कुठे? खिडकी, पॅन्ट्री, परत खिडकी. साखरेचा डबा उघडा दिसला तरी "शक्यता जास्त, नुकसान कमी" पुटपुटत झाकण लावतात.

मागे एक नवं फीचर आलं. 'यांच्याशी मैत्री कराल?' असं विचारत ॲपच नावं सुचवणार. मॅनेजर घाईत होते. "रशीदभाई, रिस्क 'लो' लिख दो. यल्ला, चलो, खलास!"

"समजा, मी बदमाश," रशीदभाई येरझारा घालत म्हणाले. त्यांनी दोन खोटी खाती उघडली होती. एक तेरा वर्षांच्या मुलीचं, दुसरं चाळिशीतल्या पुरुषाचं. पुरुषाच्या स्क्रीनवर पहिलंच नाव त्या मुलीचं. "बघा! मला शोधायची तसदीसुद्धा नाही. तुम्हीच आणून दिलीत."

"लेकिन लॉन्च..."

"मी रिस्क 'हाय' लिहिणार. नाहीतर सही दुसऱ्या कुणाची घ्या."

मीटिंगमध्ये शेवटी मुलांची नावं वगळेपर्यंत फीचर थांबवायचं ठरलं.

संध्याकाळी मी त्यांना रोल्लाला घरी सोडायला निघाले. एवढं जिंकलेला माणूस, पण सारखा सीटबेल्टशी चाळा.

"आज तरी खूश व्हा की!"

"गो बाय, माझी सना तेराचीच. रत्नागिरीला, तिच्या अम्मीसोबत. फोन केला की मी विचारतो, कुणाशी बोलतेस, हा नवा कोण? आता उचलतच नाही." बेल्ट ओढून सोडत म्हणाले, "परक्यानं पोरीशी बोलणं कसं काढावं, त्याच्या सगळ्या युक्त्या मला पाठ. बापानं कसं काढावं, तेवढं सांग."

"काही विचारूच नका," मी म्हटलं. "काहीतरी दाखवा."

रोल्लात त्यांच्या बिल्डिंगखालच्या किराणा दुकानाच्या पायरीवर दुकानदाराचं मांजर पसरलं होतं. रशीदभाई फुटपाथवर उकिडवे बसले, फोटो काढला, सनाला पाठवला. उठले, बसले, परत उठले.

मेसेज वाजला. त्यांनी फोन गाडीच्या खिडकीतून माझ्यापुढे धरला.

'अब्बा, नाव काय याचं?'

"आता काय सांगू?"

"ठेवा की काहीतरी!"

"छे! पोरीला खोटं सांगू?" म्हणत ते धावत दुकानात शिरले.