वेदिकानं बुडवलेले चाळीस लाख

चुलतबहिणीच्या साखरपुड्यात सगळे फोटोला उभे होते आणि वेदिका मांडवामागं मोबाइलमध्ये डोळे घालून येरझाऱ्या घालत होती. आईनं खुणेनं दोनदा बोलावलं, तिला दिसलंही नाही. सकाळपासून तिचा शेअर पडत होता.

वेदिका नाशिकला विद्यापीठात शिकत होती. लोकांनी गुंतवलेला पैसा कसा सांभाळायचा, कुठं किती घालायचा, याचा तो अभ्यासक्रम. सरांनी प्रत्येक विद्यार्थ्याला संगणकावर एक कोटी रुपये दिले होते. रुपये लटके, बाजारभाव मात्र खरे. सत्र संपेपर्यंत जो ते नीट सांभाळेल त्याला गुण. वेदिकानं सगळे एकाच औषध कंपनीत घातले. आठवडाभर ती वर्गात पहिली होती. आज त्या कंपनीच्या नव्या औषधाला परवानगी नाकारल्याची बातमी आली.

तिनं वर्गमित्राला, तनयला, फोन लावला.

"तनय, चाळीस लाख गेले रे माझे. सगळे एकाच ठिकाणी घातले होते. आता कुठल्या तोंडानं जाऊ सरांपुढं?"

मागं तिची आत्या, सुलाबाई, हात धुवायला आली होती. तिनं हात धुतलेच नाहीत.

पंगत बसली तेव्हा वेदिकाचे वडील खंडेराव हौसेनं बुंदी वाढत होते. लोक एरवी आग्रह करून घेत. आज मात्र पानावर हात आडवा धरून त्यांच्याकडं कळवळून बघत होते. एका म्हाताऱ्यानं तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "धीर धर बाबा. जमीन तर हाय ना अजून?"

खंडेराव बुंदीचं भांडं तिथंच ठेवून धाकट्या भावाकडं, संतोषकडं गेले. संतोषनं ऐकलं होतं तेवढं सांगितलं. त्याच्यापर्यंत येईतो चाळीसाचे साठ झाले होते.

घरी आल्यावर आईनं, कुसाबाईनं, दार लावून घेतलं.

"वेदे, एवढा पैसा तू आणला कुठून?"

"आई, ते खरे पैसे नव्हतेच. खोटे होते."

कुसाबाईनं खिडकीही लावून घेतली. "खोट्या नोटा?"

"नोटा नाही गं. सरांनी दिले होते सगळ्यांना."

"म्हंजे मास्तरबी सामील हाय," कोपऱ्यातून सुलाबाई म्हणाली.

वेदिका जितकं समजावू लागली तितकं प्रकरण चिघळत गेलं. संगणकावर दिले म्हटल्यावर संतोषला ऑनलाइन फसवणूक आठवली. शेवटी खंडेराव उठले. "सकाळी मीच जातो नाशिकला. मास्तर काय म्हणतो बघू, नायतर शिक्षण बंद."

वेदिकाचे गुण गेलेच होते, आता वर्गही जाणार होता.

दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये संतोष आणि खंडेराव पुढं बसले, मधे अंग चोरून वेदिका. सुलाबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती मागं आधीच बसलेली होती.

दिवाकर सर खोलीत पेपर तपासत होते. खंडेरावांनी नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "सर, आमच्या पोरीला खोटा पैसा तुम्ही दिला का?"

"हो," सर म्हणाले. "दर वर्षी देतो."

संतोषनं पोलिसांना लावायला खिशातून मोबाइल काढला. त्याचा चेहरा बघून सरांच्या ध्यानात काहीतरी आलं. त्यांनी सगळ्यांना बसवलं, चहा मागवला, संगणक सुरू केला आणि आकडे दाखवले. "तिनं कुणाचा एक पैसाही बुडवला नाही. फक्त गुण बुडवलेत."

खंडेरावांनी चहाचा कप उचलला. "मग शिकू द्यावं म्हणता?"

"द्याच. वर्गात एवढ्या लवकर कुणी बुडालेलं नाही. आता ही जन्मात सगळं एका जागी घालायची नाही."

परतताना पिकअपमध्ये सगळे सैल झाले होते. चांदवड जवळ आलं तेव्हा खंडेरावांचा फोन वाजला. गावच्या पतसंस्थेचे चेअरमन दीपकशेठ होते. खंडेराव ऐकत राहिले, "हो, हो," म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणले?" संतोषनं विचारलं.

"मला संचालकाच्या निवडणुकीला उभं करतायत. म्हणले, चाळीस लाख बुडूनबी जो माणूस पंगतीत बुंदी वाढतो, त्याची ऐपत मोठी आणि काळीज त्याहून मोठं."

"पण बाबा, त्यांना खरं सांगायला हवं ना?" वेदिका म्हणाली.

खंडेरावांनी गळ्यातला रुमाल सारखा केला. "सांगू की. निवडणूक होऊ दे."

संतोषनं हळूच मागं बोट दाखवलं. खंडेरावांनी गाडी थांबवायला लावली, उतरून मागं गेले आणि बहिणीपुढं हात जोडले. "सुले, सरांकडं ऐकलं ते गावात नको बोलू."

सुलाबाई आधीच तोंड फुगवून बसली होती. "मी कशाला बोलू, दादा? साऱ्या गावाला चाळीस लाख मीच सांगितलेत. आता काहीच बुडालं नाय म्हणले, तर माझ्यावर इश्वास कोण ठेवील?"