ओत्तोरिनोच्या दाराची फळी

खाडीतल्या बुरानो बेटावर एक होता ओत्तोरिनो, एक होती त्याची बायको दिर्चे, आणि एक होतं त्यांचं दुमजली पिवळं घर. लेक निवेस लग्न होऊन खाडीपलीकडे मेस्त्रे शहरात गेलेली, चौथ्या मजल्यावर. मोठी भरती आली की समुद्र काही न विचारता दिर्चेच्या खालच्या स्वयंपाकघरात शिरायचा आणि खुर्च्यांचे पाय चाटून जायचा. शेवटी दिर्चे म्हणाली, "आता एकदा जरी समुद्र आत आला, तर मी निघाले निवेसकडे. तुम्ही बसा इथे खेकड्यांशी गप्पा मारत."

ओत्तोरिनोला होडीची काळजी पडली. चौथ्या मजल्यावर होडी बांधायची कुठे? (गॅलरीच्या कठड्याला? निवेसला त्याने हे खरंच विचारलं होतं.)

तेवढ्यात पाद्रीबाबांनी गावकऱ्यांना समुद्राची नवी दारं, भरती अडवायला खाडीच्या तोंडाशी बांधलेली, दाखवायला होडी ठरवली. मोठी भरती यायची होती, म्हणजे दारं उठणारच.

"चल, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग बोल," ओत्तोरिनो दिर्चेला म्हणाला.

निघताना त्याला दाढी करायची हुक्की आली. मोरीतल्या बेसिनला बूच लावलं, नळ सोडला, तर नळ ठणठणीत कोरडा! गल्लीत दुरुस्ती चाललेली.

"तसेच चला हो! दारं काही तुमच्याशी लग्न लावणार नाहीत," दिर्चे म्हणाली.

मग त्याने उंबऱ्यावर भरतीचं पाणी अडवायची लोखंडी फळी बसवली आणि होडीच्या फटी बुजवतात तशी तिच्या कडांना चिकट लांबी ठासून भरली. मुंगी आत शिरेल तर शपथ.

होडी खाडीच्या तोंडाशी पोचली. भरती चढली, आणि पाण्याखालून एकेक पिवळं दार उठून डोलत उभं राहिलं. बाहेर समुद्र फणफणतोय, आत खाडी ताटातल्या पेजेसारखी गप्प. होडीतल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. ओत्तोरिनो अशी मान डोलवत होता, जणू दारं त्यानेच घडवली.

दिर्चेने डोळे पुसले. "बरं बाई. राहू इथंच."

घरी येताना सगळी गल्ली कोरडी. ओत्तोरिनोने छाती काढून दार उघडलं, ऐटीत फळी ओलांडली, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. दिर्चेची चप्पल तरंगत त्याच्या स्वागताला आली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. घरातलं मात्र जागचं हलेना.

शेजारीण जीजा ओरडली, "अगं बया! गल्ली कोरडी आणि घरात तळं? समुद्र काय धुराड्यातून उतरला?"

दिर्चेची नजर खुंटीवरच्या प्रवासाच्या पिशवीकडे गेली. ओत्तोरिनोला रडू फुटायचंच बाकी होतं. मग तिने वाकून पाण्यात बोट बुडवलं, चाटलं.

"अहो, हे तर गोडं आहे!"

आणि मोरीतून आवाज आला, खळखळ, खळखळ. दुरुस्ती झाली होती. नळ सकाळपासून उघडाच. आणि बाहेरचा थेंब आत येऊ न देणाऱ्या फळीने आतलाही थेंब बाहेर सोडला नव्हता.

दिर्चे फळीवर बसून हसली, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "समुद्र आला तर जाईन म्हटलं होतं. नवऱ्याने पूर आणला तर काय करायचं, ते ठरलंच नव्हतं!"

फळी काढली तसा पूर गल्लीत धावला, आणि जीजा आरडत आपल्या दारातल्या खुर्चीवर चढली.

समुद्र त्यानंतर घरात आला नाही. ते बघून निवेसच नवरा-लेकरांसकट परत आली, वरच्या खोल्यांत राहायला. घर भरलं, माणसांनी. फळी अजून आहे, पण बाहेरच्या दाराला नाही. ओत्तोरिनो दाढीला गेला, की दिर्चे ती मोरीच्या दाराला लावते.